‘द रिंग’ आणि मागाहून आलेले रंग

मूकपटांविषयी दोन समज सर्वत्र रूढ आहेत. मूकपट रंगहीन होते, हा पहिला. आणि ही रंगहीनता म्हणजे त्या कलेची उणीव असल्यामुळे पुढील काळातील यंत्रांनी ती भरून काढणे हे तिच्यावर उपकार करण्यासारखे आहे, हा दुसरा. पहिला समज इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरा कलाविचाराच्या कसोटीवर टिकत नाही. आल्फ्रेड हिचकॉक याच्या ‘द रिंग’ या १९२७ सालच्या ब्रिटिश मूकपटाच्या आधारे हे दोन्ही समज तपासून पाहता येतात. कारण हा मूळचा कृष्णधवल चित्रपट आज संगणकाने रंगविलेल्या रूपातही पाहावयास मिळतो, आणि अनेकांची त्याच्याशी पहिली भेट त्याच रूपात होते.

एल्स्ट्री येथील ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या संस्थेत दाखल झाल्यावर हिचकॉकने केलेला हा पहिलाच चित्रपट. कथा व पटकथा यांचे श्रेय त्यात त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि ही गोष्ट त्याच्या कारकिर्दीत विरळा होय. कथानक साधे आहे. जत्रेतील तंबूत ‘वन राउंड जॅक’ या नावाने ओळखला जाणारा एक मुष्टियोद्धा कोणाही प्रेक्षकाला आव्हान देतो आणि पहिल्याच फेरीत त्याला लोळवितो. त्याची वाग्दत्त वधू मेबल तंबूच्या दाराशी तिकिटे विकते. एके दिवशी बॉब कॉर्बी नावाचा अनोळखी गृहस्थ आव्हान स्वीकारतो आणि जॅकला हरवितो. तो ऑस्ट्रेलियाचा विजेता मुष्टियोद्धा असल्याचे मागाहून उघड होते. तो जॅकला आपल्याबरोबर सरावासाठी नेतो. जॅक व मेबल यांचा विवाह होतो. परंतु मेबलचे मन बॉबकडे ओढ घेत राहते. अखेर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये दोघे प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे ठाकतात. जॅकची भूमिका करणारा डॅनिश नट कार्ल ब्रिसन हा स्वतः पूर्वी मुष्टियोद्धा होता. मेबलचे काम लिलियन हॉल-डेव्हिसने, तर बॉबचे इयन हंटरने केले आहे.

या साध्या कथेला उंची लाभते ती तिच्या रचनेमुळे. ‘रिंग’ या इंग्रजी शब्दात मुष्टियुद्धाचे रिंगण आणि विवाहाची अंगठी हे दोन्ही अर्थ सामावतात. हिचकॉक त्यात तिसरे वर्तुळ मिळवितो, ते म्हणजे नागाच्या आकाराची वाकी. जिंकलेल्या पैशांतून घेतलेली ही वाकी बॉब मेबलला देतो. ती वाकी लपविते, ती पाण्यात पडते, जॅक ती बाहेर काढतो आणि तिचा अर्थ न उमगता तीच तिच्या बोटात अंगठीप्रमाणे गुंडाळतो. विवाहप्रसंगी जॅक खरी अंगठी चढवीत असतानाच ही वाकी मेबलच्या दंडावरून मनगटापर्यंत घसरते. एका शब्दाचेही साह्य न घेता त्रिकोणातील तिसरी व्यक्ती तेथे उपस्थित होते. नाटकात या क्षणाला स्वगत लागले असते, कादंबरीत परिच्छेद लागला असता. येथे धातूच्या एका वस्तूची हालचाल पुरेशी ठरते.

हीच मितभाषी पद्धत इतरत्रही दिसते. जॅकसमोर कोणीच दुसऱ्या फेरीपर्यंत टिकत नसल्यामुळे पहिल्या फेरीचा फलक वापरून मळला आहे. बॉब टिकतो तेव्हा दुसऱ्या फेरीचा जो फलक बाहेर काढला जातो तो कोराकरकरीत असतो. जॅकची बढती भित्तिपत्रकांवर क्रमाने वर सरकणाऱ्या त्याच्या नावातून कळते. विजयानंतर तो मित्रांसह घरी येऊन पेल्यांत शँपेन ओततो आणि पत्नीची वाट पाहतो. ती येत नाही, आणि पेल्यांतील फेस हळूहळू विरून जातो. या सर्व प्रसंगांचा आधार रंग हा नसून पृष्ठभाग हा आहे: मळका आणि कोरा पुठ्ठा, फेसाळता आणि निवळलेला द्रव, त्वचेवर चमकणारा धातू. छायालेखक जॅक कॉक्स याने छायाप्रकाशाची योजना याच भेदांना उठाव मिळेल अशी केली आहे.

आता पहिल्या समजाकडे वळता येईल. मूकपटांच्या काळात रंग नव्हता असे नव्हे. पाते साच्यांच्या साह्याने चौकटी रंगवीत असे. मेलिएसच्या ‘चंद्रावरील सफर’ (१९०२) या चित्रपटाच्या काही प्रती हातांनी रंगविलेल्या होत्या. संपूर्ण फीत एकाच रंगछटेत बुडविण्याची पद्धत तर सार्वत्रिक होती: रात्रीसाठी निळा, दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर. हिचकॉकच्याच ‘द लॉजर’ या चित्रपटाच्या २०१२ मधील पुनरुद्धारात मूळ छटा परत आणल्या गेल्या. तेव्हा रंग हा मूकपटाचा शत्रू आहे, अशी भूमिका घेणे अनैतिहासिक ठरेल. परंतु त्या छटा वास्तवाची नक्कल करीत नसत. वेळ, स्थळ व भाव यांचे ते संकेत होते आणि ते निर्मितीच्या काळीच ठरत. ‘द लॉजर’ला रंग परत मिळाले ते पुराव्याच्या आधारे, ‘द रिंग’वर रंग आले ते अनुमानाच्या आधारे.

या अनुमानाला कृष्णधवल फितीतून फारसा आधार मिळत नाही. करड्या छटेत प्रकाशाचे प्रमाण नोंदलेले असते, वर्ण नोंदलेला नसतो. मूकपटांच्या काळात प्रचलित असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फीत तर तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तीत तांबडे ओठ काळे दिसत आणि निळे आकाश पांढरे होई. म्हणून नटांची रंगभूषा आणि वस्त्रांची निवड ही फितीची दृष्टी लक्षात घेऊन केली जाई. अशा चित्रावर संगणक जो वर्ण चढवितो तो सापडलेला वर्ण नव्हे, सुचलेला वर्ण होय. अल्बर्ट हॉलच्या दृश्यांत हा विपर्यास दुहेरी होतो, कारण तेथे हिचकॉकने आरशांच्या योगाने चित्रित देखावा आणि प्रत्यक्ष नट एकत्र आणणारी शुफ्टान पद्धत योजली होती. जो देखावा कृष्णधवल छटांतच खरा भासावा म्हणून रचला गेला, त्यावर त्वचेचे आणि वस्त्रांचे रंग चढविले जातात.

याहून गंभीर बाब जत्रेच्या आरंभीच्या दृश्यांत आहे. तेथे एका कृष्णवर्णीय माणसाला नेमबाजीच्या खेळाचे लक्ष्य केलेले दाखविले आहे आणि जमाव हसत आहे. त्या काळच्या ब्रिटिश करमणुकीतील वर्णद्वेषाचा हा दस्तऐवज होय. जत्रा झगझगीत आणि आल्हाददायक रंगांत न्हाऊन निघाली की प्रेक्षक त्या आनंदात सहज सामील होण्याचा संभव वाढतो, आणि मूळ दृश्यातील अस्वस्थता पातळ होते. रंग येथे केवळ सजावट राहत नाही. तो भाष्य होतो.

भारतीय चित्रपटसृष्टीला रंगाचा मोह नवा नाही. प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली काढलेल्या ‘सैरंध्री’ (१९३३) या बोलपटाच्या प्रती रंगासाठी जर्मनीत तयार करविल्या. रंग भडक उतरले आणि प्रयोग फसला. तरीही तो निर्मात्यांचा स्वतःचा प्रयोग होता. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’चा (१९६०) काही भाग मुळातच रंगीत होता, उरलेला भाग २००४ मध्ये, दिग्दर्शकाच्या निधनानंतर तेहतीस वर्षांनी, रंगविला गेला. तेथे निदान कर्त्याची रंगाविषयीची ओढ चित्रपटातच दिसत होती. जॉन ह्यूस्टनच्या ‘द अस्फाल्ट जंगल’ला (१९५०) असा आधार नव्हता. त्याच्या रंगविलेल्या आवृत्तीविरुद्ध त्याचे वारस फ्रान्समध्ये न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कर्त्याचा नैतिक अधिकार मान्य केला. ‘द रिंग’च्या बाबतीत हा मार्ग सर्वत्र खुला नाही. १९२७ साली प्रकाशित झालेल्या कृतींवरील स्वामित्वहक्क अमेरिकेत २०२३ च्या प्रारंभी संपुष्टात आला.

कायदा जेथे थांबतो तेथे समीक्षेचे काम सुरू होते, आणि त्या कामाची शिस्त भारतीय विद्वत्तेला परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. सी. सुकथनकर यांनी महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण केली, तेव्हा मागाहून आलेले श्लोक त्यांनी नष्ट केले नाहीत. ते संहितेबाहेर, तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. प्रक्षेपालाही इतिहास असतो. मात्र त्याला संहितेचे स्थान देता येत नाही. रंगविलेल्या ‘द रिंग’ला हाच न्याय लागू करावयास हवा. एकविसाव्या शतकाला विसाव्या शतकाच्या मौनाची भीती का वाटली, याचा पुरावा म्हणून ती आवृत्ती जतन करण्याजोगी आहे. परंतु अभ्यासक्रमात, संग्रहालयात आणि समीक्षेत ‘द रिंग’ म्हणून ज्याचा निर्देश व्हावा तो चित्रपट २०१२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पुनरुद्धार केलेला कृष्णधवल चित्रपटच होय.

शेवटच्या लढतीत जॅक हरू लागतो तेव्हा मेबल त्याच्या कोपऱ्यात येऊन उभी राहते, आणि ती नागवाकी गळून रिंगणापाशी पडलेली सापडते. ती बॉबच्या हाती दिली जाते. तो तिच्याकडे पाहतो आणि ती टाकून देतो. ती वाकी सोन्याची आहे की पितळेची, हे प्रेक्षकाला करड्या छटेत कळत नाही. बॉबने आणलेल्या मोहाचे मोल किती होते, हा प्रश्न हिचकॉकने तसाच उघडा ठेवला आहे. तिला पिवळा रंग देणारा त्याचे उत्तर परस्पर देऊन मोकळा होतो.