तीन नंबरचा बावटा

"बंदरात तीन नंबरचो बावटो लागलो." मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर पडते की बावट्याकडे मान वर करून बघायची तसदीही कोणी घेत नाही. बघितलेच तर गंमत वाटेल. बावटा म्हणजे निशाण, वाऱ्यावर फडफडणारे कापड. बंदराच्या खांबावर मात्र नियमाप्रमाणे चढतात ते शंकू आणि नळकांडी, आणि अंधार पडला की त्यांच्या जागी लाल-पांढरे दिवे. फडफडण्यासारखे त्यात काहीच नाही. तरी कोकणाने त्याला बावटाच म्हटले, आणि तो लागला की मालवणच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या जेटीला बांधून पडतात.

या शंकूचे कूळ शोधत गेले तर वाट थेट विलायतेत जाते. ऑक्टोबर 1859 मध्ये 'रॉयल चार्टर' हे ऑस्ट्रेलियाहून परतणारे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि सुमारे साडेचारशे माणसे बुडाली. त्या वेळी ब्रिटिश हवामान कचेरीचा कारभार रॉबर्ट फिट्झरॉय या नौदल अधिकाऱ्याकडे होता. चार्ल्स डार्विनला जगाच्या फेरीवर नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान तो हाच. वादळ घोड्यापेक्षा वेगाने येते, पण तार वादळापेक्षा वेगाने जाते, एवढ्या एका गोष्टीवर त्याने सगळी मांडणी उभी केली. ठिकठिकाणच्या नोंदी तारेने लंडनला यायच्या आणि तिथून बंदरांना हुकूम सुटायचा: शंकू चढवा. टोक वर असले तर उत्तरेकडचे वादळ, खाली असले तर दक्षिणेकडचे. एकापाठोपाठ वादळे येणार असतील तर ढोलासारखे नळकांडे. 1861 मध्ये हे सुरू झाले. कापडी निशाण वारा पडला की लोंबते आणि एका बाजूने दिसते, दुसऱ्या बाजूने दिसत नाही. शंकू कुठूनही पाहा, शंकूच दिसतो.

फिट्झरॉयचे अंदाज चुकायचे, लोक हसायचे. 1865 मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी विद्वानांच्या समितीने ते इशारे अशास्त्रीय ठरवून बंदच करून टाकले. ते पुन्हा सुरू करायला लावले दर्यावर्दींनी. चुकणारा का होईना, पण इशारा त्यांना हवा होता.

ज्या वर्षी फिट्झरॉय गेला, त्याच वर्षी त्याची कल्पना कलकत्त्यात रुजली. 5 ऑक्टोबर 1864 च्या चक्रीवादळाने हुगळीत समुद्र आत घुसला होता, बंदरातली जहाजे काड्यांसारखी मोडली होती आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसे मेली होती. 1865 मध्ये कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची सोय झाली. भारतीय हवामान खाते जन्मले 1875 मध्ये, म्हणजे खात्यापेक्षा बावटा दहा वर्षांनी थोरला. 1880 मध्ये ही पद्धत पश्चिम किनाऱ्यावर आली. तरी बंगालच्या खुणा वेगळ्या आणि मुंबईकडच्या वेगळ्या असा घोळ होताच. 1898 मध्ये सगळ्या बंदरांना एकच पद्धत लागू झाली. फाळणीनंतरही ती वाटली गेली नाही. बांगलादेशात कॉक्स बझारचा मच्छीमार आजही तीन नंबरच्या इशाऱ्याबद्दल बोलतो, आणि तिथेही तो स्थानिक सावधगिरीचाच असतो.

आता 'तीन'चा अर्थ. एकूण नंबर अकरा. भूकंपाच्या मापासारखे हे आकडे पायरीपायरीने चढत जात असावेत असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्राबद्दल बोलतात: एक म्हणजे लांब कुठेतरी कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे, दोन म्हणजे लांब चक्रीवादळच उठले आहे, बंदराला मात्र अजून झळ नाही. तीन नंबर बंदराच्या दारात येतो. सोसाट्याचा वारा सुटेल, जपून असा, एवढेच त्याचे म्हणणे. चार म्हणजे वादळाचा रोख इकडे आहे, पण टोकाची तयारी करायची वेळ आलेली नाही. 'धोका' हा शब्द नियमावलीत पाचपासून येतो आणि 'महाधोका' आठपासून. त्यामुळे 'तीन नंबरचा धोक्याचा बावटा' हा वृत्तपत्रांचा लाडका मथळा सरळसरळ चूक आहे. दर पावसाळ्यात चारदोनदा धोका छापला की खरा धोका येतो तेव्हा त्याला छापायला शब्द उरत नाही. जिथे मुख्यतः किनाऱ्याकिनाऱ्याने चालणारी लहान गलबते येतात, अशा बंदरांसाठी पाचच नंबरांची आटोपशीर पद्धतही आहे: 3, 4, 7, 10 आणि 11. तिथे मोजणीच तीनपासून सुरू होते.

पाच-सहा-सात आणि आठ-नऊ-दहा या दोन तिकड्यांत तर आणखी एक खुबी दडली आहे. वादळ बंदराला डाव्या हाताला ठेवून जाणार, उजव्या हाताला ठेवून जाणार, की थेट अंगावर येणार, हे त्यांतला आकडा सांगतो. हे गणित कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टनच्या वळणाचे. 'सायक्लोन' हा शब्द त्यानेच घडवला आणि 1848 मध्ये खलाशांसाठी पुस्तक काढून त्यात वाऱ्याची वर्तुळे छापलेल्या पारदर्शक शिंगाच्या चकत्या घातल्या. कप्तानाने चकती नकाशावर ठेवायची आणि आपण वादळाच्या कुठल्या बाजूला आहोत ते बघायचे. मालवणकरांना यातली उजवी बाजू ठाऊक असावी. अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला कोकण येते, आणि आपल्याकडे उजव्या बाजूला वाऱ्याच्या जोरात वादळाच्या स्वतःच्या चालीचीही भर पडते. 16 मे 2021 रोजी 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला न शिवता बाहेरून गेले, तरी देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशी दगावले. ऑक्टोबर 2019 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर 'क्यार' ओमानच्या दिशेने निघून गेले, पण जाता जाता मालवणजवळच्या देवबागच्या वस्तीत पाणी घालून गेले.

या पद्धतीची एक उणीव जन्मापासूनची आहे. बावटा बंदरातल्या जहाजासाठी आहे: निघू की थांबू, या प्रश्नाचे ते उत्तर. जो आधीच निघून गेला त्याला खांब दिसत नाही. शिवाय खोल समुद्रात जाळी टाकून बसलेल्या नौकेला बंदरातल्या 'तीन'पेक्षा 'दोन' जास्त जिवावरचा, कारण दूरचे ते वादळ तिच्याच आसपास असू शकते. 2009 च्या नोव्हेंबरात 'फयान' आले तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता आणि नौका बाहेर होत्या. 2017 च्या डिसेंबरात 'ओखी'तून वाट काढत केरळच्या 66 आणि तामिळनाडूच्या 2 नौका 952 माणसांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. त्या निघाल्या तेव्हा त्यांच्या बंदरात कुठला नंबर होता, याला समुद्रात काहीच अर्थ उरला नव्हता.

आता लाटांची उंची हैदराबादच्या 'इन्कॉईस' संस्थेकडून मोबाइलवर येते, वारा ॲपमध्ये दिसतो आणि बावट्याची बातमी खांबाआधी व्हॉट्सॲपवर पोचते. खांब तरीही उभे आहेत आणि अकरावा नंबरही यादीत कायम आहे. हवामान कचेरीशी संपर्क तुटला आहे आणि बंदरातल्या अधिकाऱ्याला स्वतःलाच हवा बिघडणार असे वाटते आहे, असा त्याचा अर्थ.