वाळवंटातली पाणीपाळी

शनिवारी पाण्याची पाळी असली की आमची भटकंती रविवारी. पाळी रविवारी पहाटे आली, तर शनिवारी जवळपास फिरून संध्याकाळी घरी. ॲरिझोनातल्या मेसा शहराच्या जुन्या भागात घर घेतल्यापासून आमच्या सुट्टीचं गणित असं कालव्यावर बसलेलं आहे. आठवडाभर मी चिप बनवणाऱ्या कारखान्यात असते, तिथे बाहेरचं ऊनसुद्धा दिसत नाही. शनिवार-रविवारी आधी घराची कामं: गॅरेजचा रंग, परसातले खचलेले बांध, गंजलेली झडप. त्यातून वेळ उरला की वाळवंट.

इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये परसाला अजून कालव्याचं पाणी देतात. परसाच्या कडेने वीतभर उंचीचा मातीचा बांध असतो. कोपऱ्यात जमिनीखालच्या सिमेंटच्या पाइपाचं तोंड, त्यावर लोखंडी झाकण आणि ते फिरवायची दांडी. नेमून दिलेल्या वेळी, मग ती रात्री दोनची का असेना, झाकण सैल करायचं. आधी हवा फुसफुसत बाहेर पडते, मागोमाग पालापाचोळा आणि फेस येतो, आणि मग गढूळ पाणी लिंबा-संत्र्यांच्या आळ्यांतून पसरू लागतं. कधी त्यात बोटाएवढी मासोळी असते. पाणी घोट्याला लागलं की झाकण बंद. पुढची पाळी शेजाऱ्याची. मुख्य कालव्याचं दार उघडायला सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट या पाणी पुरवणाऱ्या संस्थेचा माणूस येतो. त्याला इथे सानहेरो म्हणतात.

माझे आजोबा धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी पाटकरी होते. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून पाटाचं पाणी वाटायची फड पद्धत खानदेशात तीन-चारशे वर्षं चालली. शेताचे मोठमोठे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि कुणाच्या शेतात किती वेळ पाणी जाईल ते पाटकऱ्याने पाहायचं. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजणारं क्षेत्रच कमी करायचं. तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मी लहानपणी हे ऐकत मोठी झाले, म्हणून मेसातल्या पाण्याची वाटणी कशी ठरते ते शोधत गेले, आणि आमच्या सहलींनाही तीच दिशा मिळाली.

इथली वाटणी वेगळी आहे. १९१० साली न्यायाधीश एडवर्ड केंट यांनी सॉल्ट नदीच्या खोऱ्यातल्या जमिनींच्या पाणीहक्काचा निकाल दिला. कोणती जमीन कोणत्या वर्षी पहिल्यांदा लागवडीखाली आली ते पाहून त्यांनी हक्काचा क्रम लावला. जो आधी आला, त्याला आधी पाणी. तुटवडा पडला तर शेवटी आलेला कोरडा.

पण आधी आलं कोण? याचं उत्तर आमच्या घराजवळच, पार्क ऑफ द कॅनाल्स या बागेत आहे. क्रिओसोटच्या झुडपांमध्ये एक लांबट, उथळ खळगा दिसतो. पाटी वाचली नाही तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही. तो होहोकाम लोकांचा कालवा आहे. सॉल्ट आणि गिला या नद्यांच्या खोऱ्यांत या लोकांनी हजारएक वर्षं शेती केली, मका, घेवडा, भोपळा, कापूस पिकवला, आणि शेकडो मैलांचे कालवे खणले. धातूचं अवजार नाही, बैल नाही, चाक नाही. लाकडी काठ्यांनी उकरायचं आणि टोपल्यांनी माती वाहायची. कालव्याला उतार जास्त दिला तर पाणी काठ खातं, कमी दिला तर गाळ बसतो. त्यांनी तो मैलामागे जेमतेम एक-दोन फूट राखला. बाबा इथे आले होते तेव्हा त्या खळग्याच्या काठी बराच वेळ उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, हे खणणाऱ्याला पाणी कळत होतं."

१४५०च्या सुमाराला हे कालवे ओस पडले. पूर, दुष्काळ, जमिनीत साठलेला क्षार अशी कारणं अभ्यासक सांगतात. १८६७मध्ये जॅक स्विलिंग नावाचा माजी सैनिक या खोऱ्यात आला, त्याला जुन्या कालव्यांच्या खुणा दिसल्या आणि त्याने कंपनी काढून खोदाई सुरू केली. त्यातून जी वस्ती उभी राहिली ती फिनिक्स. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचं नाव डॅरेल डुप्पाने सुचवलं, कारण गाव जुन्या वसाहतीच्या अवशेषांवर वसत होतं. १८७८मध्ये मॉर्मन कुटुंबं मेसाच्या पठारावर आली. त्यांनीही जुना कालवाच उपसून पुन्हा वाहता केला. १९२९ साली ओमार टर्नी यांनी या प्राचीन कालव्यांचा नकाशा छापला. तो आजच्या शहराच्या नकाशाशेजारी ठेवून पाहावा. जुन्या-नव्या रेषा कितीतरी ठिकाणी एकमेकींजवळून जातात.

कासा ग्रांदे बघायला मात्र अर्धा दिवस काढावा लागतो. मेसाच्या दक्षिणेला तासाभरावर, कूलिज गावाजवळ सपाट रानात एक चार मजली मातीचा वाडा उभा आहे. उंची सुमारे पस्तीस फूट, भिंती तळाशी चार फूट जाड. माती इथलीच, चुनखडीची, तिला कॅलिची म्हणतात. ती कालवून थरावर थर चढवले. तुळयांचं लाकूड साठ मैलांहून लांबच्या डोंगरांतून आणलं, आणि तेही ओझ्याला जनावर नसताना. पश्चिमेच्या भिंतीत एक गोल झरोका आहे. सर्वांत मोठ्या दिवशी मावळता सूर्य त्याच्या रेषेत येतो. पेरण्यांचं वेळापत्रक याच वाड्यातून ठरत असेल असं मला वाटतं, पण नुसतं माझ्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये. १६९४ साली पाद्री किनो इथे आला तेव्हाही वाडा ओसच होता.

१८८०च्या आसपास रेल्वे जवळून गेली आणि प्रवासी घोडागाडीने वाडा बघायला येऊ लागले. भिंतींवर नावं कोरली, आठवण म्हणून तुकडे फोडून नेले. ती नावं अजून आहेत. १८९२मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी वाडा आणि भोवतालची जमीन राखीव केली. प्राचीन अवशेषासाठी अमेरिकेने राखलेली ती पहिली जागा. १९३२मध्ये त्यावर लोखंडी छत्र उभारलं. लांबून आधी ते छत्रच दिसतं. काहींना ते खटकतं, मला नाही. त्या छपराखाली माती टिकली आहे.

अपाची ट्रेलवर आम्ही इतक्या वेळा गेलो की आता त्याबद्दल थोडक्यातच सांगते. मेसाहून डोंगरात जाणारा हा वळणावळणांचा रस्ता सॉल्ट नदीवरच्या रूझवेल्ट धरणाचं सामान खेचरांच्या गाड्यांतून न्यायला केला आणि तो खणण्यात अपाची मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांचा मुकादम आणि जुना वाटाड्या ॲल सीबर १९०७ मध्ये धरणाजवळच रस्त्याचं काम चालू असताना शिळेखाली सापडून गेला. धरणासाठी शेतकऱ्यांनी १९०३ साली संघ करून आपल्या जमिनी सरकारकडे तारण ठेवल्या होत्या. १९११ मध्ये थिओडोर रूझवेल्ट याच रस्त्याने मोटारीतून उद्घाटनाला आले, आणि पुढे काही वर्षांतच सदर्न पॅसिफिक रेल्वे हा रस्ता सहलीसाठी म्हणून विकू लागली. आपल्या भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं. दोन्ही धरणं मुळात दगडी चिऱ्यांची आणि एकाच काळाची.

आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ते. अकिमेल ओओधम लोक होहोकामांना आपले पूर्वज मानतात. ते गिलाच्या काठावर राहत होते आणि शेती पिकवत होते. कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला निघालेल्यांनी वाटेत त्यांचाच गहू खाल्ला. सैन्यानेही विकत घेतला. १८७०नंतर वरच्या अंगाला आलेल्या वसाहतकऱ्यांनी नदी वळवली, आणि या शेतकऱ्यांची मुलं उपाशी राहिली. 'आधी आला त्याला आधी' हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत सगळ्यांत आधी आलेला माणूस पाटाच्या शेपटाला ढकलला गेला. आमच्याकडे फडात असं कुणी केलं असतं, तर गावाने त्याला बंधाऱ्यावर उभं राहू दिलं नसतं.

हे पाणी परत मिळायला २००४ साल उजाडलं. त्या वर्षीच्या कायद्याने या लोकांच्या गिला रिव्हर इंडियन कम्युनिटीला कोलोरॅडो नदीच्या कालव्यातून मोठा वाटा मिळाला. २०२३मध्ये कोलोरॅडो आटत चालली, तेव्हा याच लोकांनी आपल्या वाट्यातलं पाणी लेक मीड या तिच्यावरच्या जलाशयात राहू देण्याचा करार केला. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मोबदला दिला ना त्यांना?" म्हटलं, दिला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, की उद्या पाऊस बरा झाला तर तो वाटा त्यांचा त्यांनाच राहणार ना. ते करारात कसं लिहिलं आहे, ते मी आता वाचते आहे.