ग्रंथाबाहेरचे कागद : सीमाभागाच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत ग्रंथांविषयी लिहावे, हा शिष्टसंमत मार्ग होय. प्रस्तुत लेखात मात्र ग्रंथांच्या बाहेर राहिलेल्या, किंबहुना बाहेर काढून टाकलेल्या कागदांचा विचार करावयाचा आहे. कोणत्याही जुन्या ग्रंथालयातील मासिकांचे बांधीव खंड उघडून पाहावेत. अनेक खंडांत मुखपृष्ठे आढळत नाहीत, तसेच आरंभीची आणि अखेरची जाहिरातींची पानेही आढळत नाहीत. खंड जाड होऊ नये, बांधणीचा खर्च वाचावा, म्हणून ती काढून टाकण्याचा प्रघातच होता. कथा-कविता म्हणजे वाङ्मय आणि साबणाची जाहिरात म्हणजे रद्दी, ही वाटणी आपण सर्वांनी मनोमन मान्य केली होती.

वस्तुतः ही वाटणी मराठी नियतकालिकांच्या इतिहासाला धरून नाही. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघाले ते कारखान्याची व त्याच्या मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. लोखंडी नांगरांच्या माहितीपत्रकातून जे मासिक वाढले, त्याने पुढे मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण लावले. पंचांगाचेही तसेच. सोलापूरचे दाते पंचांग आपल्या भागात घरोघर येई. पाडव्याला नवे आले की जुने निरुपयोगी ठरे. त्यातील जाहिराती, आणि कडेच्या कोऱ्या जागेत घरधन्याने टिपलेले दुधाचे व मजुरीचे हिशेब, हे सारे त्याच्याबरोबर जाई.

बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांच्या बाबतीत ही हानी इतरांहून अधिक आहे, असे मला वाटते. त्याचे कारण या प्रदेशाच्या राजकीय इतिहासात आहे. भालकीच्या एखाद्या कापडदुकानाची कल्पना करावी. दुकान जागचे हलले नाही. परंतु त्याच्या पावतीवरील पत्ता मात्र बदलत गेला. आधी ‘निजाम स्टेट’, १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ‘हैदराबाद राज्य’, १ नोव्हेंबर १९५६ पासून ‘म्हैसूर राज्य’ आणि १९७३ पासून ‘कर्नाटक’. गुलबर्ग्याचे अधिकृत नाव तर २०१४ साली ‘कलबुरगी’ झाले. एका पिढीच्या दुकानदाराने तीन-चार वेळा पावतीपुस्तके नव्याने छापून घेतली असतील. राज्यपुनर्रचनेवर ग्रंथ पुष्कळ आहेत. पण ती पुनर्रचना बाजारपेठेत कशी उतरली, हे त्या पावत्यांवरून जसे कळेल तसे ग्रंथांवरून कळणार नाही. १९५६ मध्ये जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके पलीकडे गेले. सोयरिकी आणि आठवडी बाजार मात्र त्या रेषेवर थांबले नाहीत. भालकीत छापलेले मराठी हस्तपत्रक कर्नाटकाच्या दृष्टीने परभाषेचे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने परप्रांताचे. ते जपावे कोणी? उत्तर एकच संभवते, आणि ते म्हणजे अशा ठिकाणचे मराठी ग्रंथालय.

असे कागद बहुधा बिनतारखेचे असतात, ही इतिहासाच्या अभ्यासकाची नित्याची तक्रार. ती अर्धीच खरी आहे. तारीख छापलेली नसली तरी कागदात दडलेली असते. निजामी अमलातील कागदांवर अनेकदा फसली सन आणि आजूर, दै, बहमन असे महिने आढळतात. त्या सनात ५९० मिळविले की इसवी सन निघतो; वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी पालटत असल्याने वर्षाच्या मोठ्या भागासाठी ५९१ धरावे लागतात, एवढेच. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे, रझाकारांच्या अमलाचे साल. किंमत ‘हाली’ रुपयांत आहे की ‘कलदार’ रुपयांत, हेही पाहावे. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजी कलदार यांचा भाव साधारणतः सात हालीस सहा कलदार असा होता. मालाची किंमत कलदारात मागणारा व्यापारी बहुधा सरहद्दीपलीकडचा, सोलापूर-मुंबईचा, असे समजण्यास हरकत नाही. आण्यांत किंमत असेल तर कागद बहुधा १९५७ पूर्वीचा. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा. पत्त्यात पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. एकाच औषधाने दहा दुर्धर रोग हमखास बरे होतात, असा दावा दिसला तर तो कागद १९५४ पूर्वीचा असण्याचा संभव अधिक, कारण त्या साली चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला. (कायद्यानंतरही तसे दावे करणारे थांबले नाहीत, हा भाग वेगळा.)

सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर निजामी राज्यात करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. निजामाची टपाल तिकिटे राज्यापुरतीच चालत. सोलापुरास पत्र धाडायचे तर इंग्रज सरकारचे तिकीट लावावे लागे. १९३१ पासूनच्या निजामी तिकिटांच्या मालिकेत बारा आण्यांच्या तिकिटावर बीदरचा महमूद गवानाचा मदरसा होता, हे आज बीदरमध्येही फार थोड्यांना ठाऊक असेल. १९५० साली ते टपालखाते भारतीय टपालात विलीन झाले.

भाषेच्या अभ्यासकाला तर या कागदांतून घबाडच मिळेल. हैदराबादचे ‘जिंदा तिलिस्मात’ हे १९२० पासूनचे औषध घराघरांत होते. अशा मालाच्या वेष्टनांवर उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड अशा लिप्या शेजारी शेजारी नांदत. दप्तराची भाषा उर्दू, दुकानदाराचा हिशेब मोडीत, गिऱ्हाइकाशी बोलणे कानडीत आणि देवघरातील आरती मराठीत, असा येथील व्यवहार होता. या बहुभाषिकतेविषयी आपण व्याख्यानांतून पुष्कळ बोलतो. तिचा लेखी पुरावा मात्र वाण्याच्या पुड्यांत गेला.

गाणगापूर आणि माणिकनगर येथील यात्रांमुळे दत्तप्रभूंची रंगीत चित्रे या भागात विपुल आली. रविवर्मा छापखान्याने शिळाछापाची देवादिकांची चित्रे स्वस्त केली आणि नाना कंपन्यांनी तशा चित्रांखाली आपले नाव घालून दिनदर्शिका वाटल्या. गृहिणीने चित्र देवघरात लावले. चौकट बसविणाऱ्याने खालची कंपनीच्या नावाची पट्टी कापून टाकली. देव राहिला, दाता गेला. बांधणीवाल्याने मासिकांचे केले तेच चौकटवाल्याने चित्रांचे केले.

सामान्य वस्तूंचे मोल ओळखणारा एक संग्राहक महाराष्ट्रात होऊन गेला. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, फण्या गावोगाव हिंडून जमविल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावे ‘राजा’ संग्रहालय उभे केले. अडकित्ता निदान पितळेचा असतो, मोडला तरी मोडीत विकला जातो. कागदाला तेवढेही नशीब नाही.

यासाठी ग्रंथालयाला मोठा निधी लागतो असे नाही. यापुढे खंड बांधताना मुखपृष्ठ व जाहिरातींसह बांधावेत, हा एक ठराव पुरे. सभासदांच्या माळ्यावरील पेट्यांतून वेष्टने, लग्नपत्रिका, नाटकांची व कीर्तनांची हस्तपत्रके, एस.टी.ची तिकिटे मागवावीत. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आपल्यातील आम्लाने आपोआप पिवळा व ठिसूळ होतो. ऊन आणि दमट हवा त्यात भर घालतात. म्हणून असे कागद उजेडापासून दूर, सपाट, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवावेत. चिकटपट्टी लावू नये, वहीत खळीने डकवू नयेत. प्लॅस्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सोडविता येत नाही. छायाचित्र काढून ठेवावे, परंतु त्यामुळे मूळ कागद टाकून देण्याची मुभा मिळते असे समजू नये. आणि प्रत्येक कागदाच्या पाठीमागे, शाईने नव्हे, मऊ शिसपेनने, तो कोणत्या गावच्या कोणत्या घरातून, कोणत्या पेटीतून आणि कोणत्या दिवशी आला, एवढे लिहून ठेवावे.