कुस्ती लावा, मग ठरवा

मागच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बसमध्ये नेट गेलं म्हणून ज्यांचं अर्धं ऐकायचं राहिलं, त्यांनी इथे वाचा. रेकॉर्डिंगमध्ये मी दोन-तीनदा भरकटलो होतो, ते कापलंय. एक भरकटणं मात्र ठेवलंय, कारण एपिसोड सुचला तो त्याच्यातूनच.

२०१५ साल. मी बीटेकच्या पहिल्या वर्षाला, आपल्या संभाजीनगरातच, एका कॉलेजात. नोटीस बोर्डावर कागद लागला : फुटबॉल संघ निवड, उद्या सकाळी साडेसहा, बूट असल्यास आणावेत. त्या ‘असल्यास’मुळे मला फार धीर आला, कारण माझ्याकडे नव्हते. पण आठवीपासून मी आमखास मैदानाच्या कडेला खेळलेलो. तिथे मोठी पोरं मधलं मैदान घेतात आणि बारक्यांना कोपरा मिळतो. कोपऱ्यात खेळून पाय बऱ्यापैकी चपळ होतात.

सकाळी पन्नास-साठ पोरं आली. रांगेत उभं केलं. निवड करणारे रांगेसमोरून चालत गेले, माणसाकडे वरून खाली बघत. तू ये. तू ये. तू राहू दे. मी ‘राहू दे’मध्ये गेलो. उंची तेव्हा पाच फूट तीन इंच, वजन सांगत नाही. बॉल आला मैदानावर, पण माझ्या पायाला लागला नाही. थोडा वेळ मी इतरांच्या बॅगा सांभाळल्या, मग कँटीनला जाऊन पोहे खाल्ले. मित्रांना सांगितलं, ‘अरे, टायमिंग जमत नव्हतं, मीच सोडलं.’

वाईट खेळून बाहेर गेलो असतो तर आज आठवलंही नसतं. राग आला तो बघून ठरवलं याचा.

अमेरिकेत या प्रकाराला एक शब्द आहे, वॉक-ऑन. तिथलं कॉलेज फुटबॉल, म्हणजे हेल्मेटवालं, प्रचंड मोठं प्रकरण आहे. कॉलेजं चांगल्या खेळाडूंना स्कॉलरशिप देऊन बोलावतात. पण ज्याला कोणी बोलावलेलं नाही, असा पोरगाही चालत जाऊन म्हणू शकतो की मला बघा. तो वॉक-ऑन. त्यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे नोत्र दाम विद्यापीठाचा रूडी रुएटिगर. नोव्हेंबर १९७५ मध्ये शेवटच्या काही सेकंदांसाठी मैदानात उतरला, आणि १९९३ साली त्याच्यावर सिनेमा निघाला. अलीकडचं उदाहरण बेकर मेफिल्ड. तोही वॉक-ऑन म्हणून आला आणि २०१७ साली त्याला हाइजमन ट्रॉफी मिळाली. कॉलेज फुटबॉलमधला हा सगळ्यात मोठा मान.

रूडीचा सिनेमा मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा बघताना वाटलं, हे तर आपल्याकडे आधीच झालंय. आणि आपल्या माणसाने शेवटच्या काही सेकंदांत नाही, तर ऑलिम्पिकमध्ये करून दाखवलंय.

खाशाबा जाधव. नाव सगळ्यांना माहीत असतं. १९५२, हेलसिंकी, कुस्ती, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १५ जानेवारी २०२३ ला गूगलने डूडल केलं, तेव्हा आपल्यापैकी निम्म्यांनी स्टेटस ठेवलं होतं. (मीपण.) पण स्टेटसमध्ये पदक मावतं. त्याच्या चार-पाच वर्षं आधीचा कोल्हापूरच्या कॉलेजातला प्रसंग मावत नाही, आणि मला तो पदकाएवढाच मोठा वाटतो.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावात. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे पोरगा चालायला लागला तो आखाड्याकडेच. आठव्या वर्षी त्यांनी परिसरातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत आस्मान दाखवलं, असं सांगतात. शाळा कराडची टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीतही ते होते. मग पुढच्या शिक्षणासाठी कोल्हापूर, राजाराम कॉलेज.

आता कोल्हापूर म्हणजे काय, ते आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना थोडं सांगायला लागतं. शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबागचं मैदान बांधलं. पेठापेठांत तालमी. पैलवान कसा असतो याचं एक चित्र तिथल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात पक्कं असतं : मान दिसत नाही, कान चेपलेले, मांडी खांबासारखी. राजाराम कॉलेज १८८० सालचं, पुस्तकी माणसांचंही कॉलेज. ना. सी. फडके तिथे शिकवायचे. अशा गावात, अशा कॉलेजात, वार्षिक क्रीडास्पर्धेच्या वेळी एक बारकासा, सडपातळ पोरगा क्रीडाशिक्षकांकडे गेला आणि म्हणाला, कुस्तीत माझं नाव घ्या.

शिक्षकांनी नकार दिला. कारण अंगकाठी.

त्या शिक्षकांना खलनायक करायची मला इच्छा नाही. समोर तयार झालेले, दणकट गडी असणार. त्यांच्यापुढे हा पोरगा सोडला आणि हातपाय मोडला तर उत्तर कोणी द्यायचं? बहुतेक काळजीपोटीच नाही म्हटलं असेल. पण त्यांनी जे पाहिलं ते शरीर. गोळेश्वरच्या आखाड्यातली दहा-पंधरा वर्षं शरीरावरून दिसत नाहीत. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजींनी घोटून घेतलेले डाव अंगावर लिहिलेले नसतात. खाशाबांचा ढाक हा डाव प्रसिद्ध होता. समोरच्याची मान-हात बगलेत आवळून त्याला अंगावरून फेकायचं. ताकद लागते, पण त्याहून जास्त वेळ साधावी लागते. ती रांगेत उभं करून कशी दिसणार?

इथपर्यंत माझी आणि खाशाबांची गोष्ट एकच आहे. (एवढीच. पुढे वाचा.) मी कँटीनला गेलो. खाशाबा प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. खाशाबांनी त्यांच्यासमोर काय शब्द वापरले ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि मी ते रचणार नाही. मागणी मात्र स्पष्ट होती : मला खेळू द्या. संघात घ्या, बक्षीस द्या, असलं काही नाही. कुस्ती लावा, मग ठरवा. खर्डेकरांनी परवानगी दिली. आणि खाशाबांनी एकामागून एक कुस्त्या मारल्या. स्वतःपेक्षा वजनदार, जास्त तयारीच्या पोरांना पाडलं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हे असं दिसतं : क्रीडाशिक्षक म्हणजे रेझ्युमे गाळणारी सिस्टिम. कॉलेजचं नाव, टक्के, किती वर्षांचा अनुभव. कीवर्ड नाही, बाहेर. प्राचार्यांनी रेझ्युमे बाजूला ठेवला आणि थेट कोडिंग राउंड दिला. नोकरी दिली असं नाही, राउंड दिला. ज्यांनी महिनोन्‌महिने अर्ज टाकून ‘आपला प्रोफाइल जुळत नाही’ अशी मेल वाचलीय, त्यांना या दोन गोष्टींतला फरक समजावून सांगायला नको.

त्या दिवसानंतर गाडी वेगात सुटली. १९४८ चं लंडन ऑलिम्पिक. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. मातीत वाढलेला पैलवान पहिल्यांदा एवढ्या मोठ्या स्पर्धेत मॅटवर उतरला. तिथे रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना शिकवलं आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मॅटची सवय नसलेल्या माणसासाठी सहावा नंबर म्हणजे काय, हे मातीतून मॅटवर आलेल्या कुठल्याही पोराला विचारा. आपल्या विद्यापीठाच्या आवारातल्या साईच्या केंद्रात असा एखादा भेटेलही.

पुढची चार वर्षं मेहनत, आणि मग १९५२. इथे परत तेच झालं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा एका गुणाने मागे राहिले. त्यांचं म्हणणं होतं की गुण देताना पक्षपात झाला. आता काय करायचं? ते पतियाळाच्या महाराजांकडे गेले. यादविंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते. मागणी परत तीच. निकाल बदला असं नाही, त्याच मल्लाशी पुन्हा कुस्ती लावा. लागली. खाशाबांनी त्याला चितपट केलं. गुणांचा प्रश्नच मिटला. मातीतल्या निकाली कुस्तीचं हे सुख असतं, पाठ लागली की हिशेब संपला.

कॉलेजात प्राचार्य, दिल्लीच्या पातळीवर महाराज. दोन्ही वेळा खाशाबांनी वरच्या माणसाकडे सवलत मागितली नाही. दोन्ही वेळा वरच्या माणसाने ऐकून घेतलं, हेसुद्धा विसरायला नको. खर्डेकरांनी ‘शिक्षक म्हणतात ते बरोबर’ एवढं म्हटलं असतं तर तो पोरगा तसाच वर्गात परत गेला असता, आणि आज कोणाला नाव ठाऊक नसतं. आपल्याकडे जिद्दीच्या गोष्टी सांगताना दार उघडणारा माणूस नेहमी कटिंगमध्ये जातो.

निवड झाली, तर पैसे नाहीत. आणि इथे इतिहासाचा एक भाग आहे जो मला हा एपिसोड करताना पहिल्यांदा नीट लक्षात आला. १९४८ मध्ये कोल्हापूर संस्थान होतं, दारात एक राजा होता ज्याच्याकडे जाऊन मागता यायचं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. चांगलंच झालं, लोकशाही आली. पण पैलवानाला मदत करणारा दरवाजा गेला आणि त्या जागी सरकारी दरवाजा अजून बसलेला नव्हता. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्यांच्याकडे ४,००० रुपये मागितले, तर स्पर्धा झाल्यावर या, अशा अर्थाचं उत्तर मिळालं, असं सांगितलं जातं. स्पर्धा झाल्यावर! म्हणजे हेलसिंकीला जाऊन आल्यावर हेलसिंकीला जायचे पैसे.

मग गावाने वर्गणी काढली. कराड-गोळेश्वरच्या लोकांनी जमेल तसं दिलं. तरी पुरेना. तेव्हा खर्डेकरांनी, त्याच प्राचार्यांनी, स्वतःचं घर गहाण टाकलं आणि ७,००० रुपये उभे केले.

कॉलेजच्या स्पर्धेत एका पोराला खेळू देणं ही पाच मिनिटांची परवानगी असते. पुढे त्याच पोरासाठी राहतं घर गहाण ठेवायचं, हे मला अजून नीट झेपत नाही. माझ्या नावावर फ्लॅटचं कर्ज आहे, म्हणून असेल.

हेलसिंकीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे मिळतं. बँटमवेट, ५७ किलो. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीविरुद्ध लांबलेली कुस्ती हरले. सुवर्ण त्या इशीलाच मिळालं. सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध त्यांना विश्रांती न देता लगेच उतरवलं गेलं, असं सांगतात. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास मिळायला हवा होता, पण भांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता. तिथे वर जाऊन दाद मागायला ना खर्डेकर होते, ना महाराज. दमलेले खाशाबा हरले आणि कांस्य घेऊन आले. त्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं १९९६ मध्ये, अटलांटाला, लिअँडर पेसला. मध्ये ४४ वर्षं.

कराड स्टेशनवर उतरले तेव्हा ढोल-ताशे आणि शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक होती. एरवी दहा-पंधरा मिनिटांचा गोळेश्वरचा रस्ता, त्या दिवशी कित्येक तास लागले.

१९५५ मध्ये ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि पुढे असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ ला मोटारसायकलच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर. पद्म पुरस्कार नाही. यावर वेगळा एपिसोड होईल आणि त्यात मी फार चिडेन, म्हणून आज नको.

आज त्या घराचं सांगून थांबतो. हेलसिंकीहून परत आल्यावर पदकवीराने काय केलं? सत्कार झाले, हार पडले. आणि मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः लढले, जिंकले. तिकिटांचे आणि कुस्तीचे जे पैसे आले ते घेऊन ते खर्डेकरांकडे गेले, आणि प्राचार्यांचं घर सोडवून दिलं.