न झालेल्या गोलांचा इतिहास

फुटबॉलमधल्या बचावाच्या अभ्यासाकडे येणाऱ्या वाचकाचे स्वागत एका अडचणीनेच करावे लागते. गोलफलक झालेले गोल मोजतो, आणि बचावपटूचे काम गोल होऊ न देण्याचे. काम चोख झाले की त्याच्या नावापुढे दप्तरी काहीच उरत नाही. मग त्याचे चरित्र लिहायचे कशावरून? आजवर बहुतेकांनी सोपी वाट धरली. त्याने कधीकाळी केलेला एखादा गोल शोधायचा आणि सगळी कारकीर्द त्या खुंटीला टांगायची.

राहुल भेके हा मुंबईत जन्मलेला बचावपटू. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. जादा वेळेत, 117व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेने हेडर मारला आणि बेंगळूरू एफसीने गोव्याला 1-0 असे हरवून आपले पहिले आयएसएल विजेतेपद मिळवले. हा गोल सर्वांना आठवतो. पण गोव्याकडे त्या मोसमात सर्वाधिक, 16 गोल करणारा फेरान कोरोमिनास होता आणि त्या दिवशी तो कोराच राहिला, याची आठवण कोण काढतो? पुढे मुंबई सिटीकडून खेळताना भेकेने 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध विजयी हेडर मारला. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. कारकीर्द बचावाची आणि आठवणी गोलांच्या, असा हा उफराटा हिशेब आहे.

तो नवा नाही. जर्नेल सिंग पंजाबातल्या माहिलपूरच्या खालसा कॉलेजात खेळून पुढे आला आणि मोहन बागानच्या बचावाचा आधार झाला. तरी त्याची कथा येऊन थांबते ती 1962च्या जकार्ता एशियाडवर. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला आघाडीला खेळवले आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. भारत 2-1 जिंकला. रोमहर्षक प्रसंग आहे, शंकाच नाही. पण त्यावरून जर्नेल बचावात काय करायचा हे कळत नाही. त्याच्या आधीचे डॉ. टी. आओ 1948च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार होते. कोलकात्यात वैद्यकीचे शिक्षण घेता घेता ते फुटबॉल खेळत. त्यांच्या कप्तानीबद्दल आणि अनवाणी खेळणाऱ्या संघाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, मैदानावरच्या त्यांच्या जागेबद्दल फार थोडे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा खेळ वेगळा, पण तिथे निदान नोंदवही तरी आहे. बचावपटूने किती पास अडवले, किती हवेतच हिरावून घेतले, सगळे टिपले जाते. तिथला मानाचा हाइजमन करंडक 1997 साली मिशिगन विद्यापीठाच्या चार्ल्स वुडसनला मिळाला, तेव्हा बचावपटूंचा सन्मान झाला असे सगळे म्हणाले. मात्र त्या मोसमात ओहायो स्टेटविरुद्ध त्याने समोरच्यांनी लांब मारलेला चेंडू, म्हणजे पंट, घेऊन 78 यार्डांची धाव मारत केलेला टचडाउन वजा केला असता, तर करंडक त्याच्याकडे आला असता का? मला शंका आहे. 2024चा मानकरी ट्रॅव्हिस हंटरही बचावाबरोबर आघाडीला खेळणारा. नोंदवही असून नजर तीच.

मराठी वाचक या बाबतीत सुदैवी आहे, कारण कबड्डीने त्याची नजर तयार केली आहे. तिथे पकडीला गुण मिळतो, मैदानावर तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या अव्वल पकडीला दोन. कोपरारक्षक चढाईपटूला कसा आत येऊ देतो, मध्यरक्षक कधी झेपावतो, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर वाद होतात. हीच चिकित्सा फुटबॉलला लावायची आहे.

बेंगळूरूजवळच्या देवनहळ्ळीत बसून बचावावर लिहायचे म्हटले की टिपू सुलतानाच्या या जन्मगावचा किल्ला उपमेसाठी समोर हजरच असतो. ती उपमा मी टाळतो, कारण ती दिशाभूल करते. बुरूज जागेवर असतो. चांगला सेंटर बॅक चेंडू येण्याआधीच जागा बदलून बसलेला असतो. म्हणून सामन्याचे चित्रण पाहताना चेंडूचा पाठलाग करू नये. समोरच्या संघाने कोणत्या बाजूने पास देणे सोडून दिले, ते पाहावे.

आपल्याकडे जुन्या काळाचे चित्रण सहसा मिळत नाही, महाविद्यालयीन सामन्यांचे तर नाहीच. तिथे तोंडी साक्ष हेच साधन. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळत आले आहेत आणि त्यांच्या खेळाडूंची नावे पेठांना पाठ आहेत. तिथे बचावपटूंना त्यांच्या पराक्रमाबद्दल विचारू नये. ते एक तर लाजतात नाहीतर वाढवून सांगतात. जुन्या आघाडीवीरांना गाठावे आणि विचारावे, कोण समोर आला की तुम्ही दुसऱ्या बाजूने जायचात?