हरेन दास आणि त्यांचे रंगीत लाकडी छापे

* हरेन दास (१९२१–१९९३) : जन्म दिनाजपूरचा. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ते रमेंद्रनाथ चक्रवर्तींच्या हाताखाली मुद्राचित्रण शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले.

नदीकाठ, होड्या, ताडाची झाडं, कलतं ऊन : त्यांच्या निसर्गदृश्यांत बंगालचं खेडं भेटतं ते असं. यातले रंग छापून झाल्यावर कुंचल्यानं भरलेले नाहीत; एकोणिसाव्या शतकातल्या कोलकात्याच्या बटतला भागातल्या छाप्यांत तसं होई. इथे प्रत्येक रंगासाठी सहसा निराळा ठसा कोरायचा आणि तोच कागद एकेका ठशावर नेमक्या जागी बसवत छापायचा. कागद केसभर सरकला, की आभाळ झाडाच्या शेंड्यावर चढलंच! जपानी छाप्यांतून आलेली ही पद्धत बंगालमध्ये रुजली ती मुख्यतः शांतिनिकेतनात, चित्रकार नंदलाल बोस यांच्याभोवती. रमेंद्रनाथ त्यांचेच विद्यार्थी.

दासांचं नाव बहुधा त्यांच्या कृष्णधवल, बारीक कोरीवकामासाठी घेतलं जातं. बंगालच्या खेड्यावरचा त्यांचा तसा संग्रह १९५० मध्ये निघाला. रंगीत छाप्यांकडे मात्र पुरेसं लक्ष गेलेलं नाही, आणि ते जायला हवं : ओलसर हवा आणि उतरती उन्हं त्यांनी तिथेच पकडली आहेत. मुद्राचित्रणाला चित्रकलेहून दुय्यम मानलं जाई त्या काळात त्यांनी जवळजवळ सारी कारकीर्द याच माध्यमाला दिली.