एकच मशीन, तीन आवृत्त्या

समजा, नगरला बसून तुम्ही उबुंटू २४.०४ टाकलंत. आवृत्ती तपासली तर कर्नल ६.८ निघतो, आणि ‘डेबियन_व्हर्जन’ ही फाइल म्हणते ‘ट्रिक्सी/सिड’. घाबरू नका, इन्स्टॉल फसलेलं नाही. २००४ मध्ये उबुंटू डेबियनच्या अस्थिर शाखेतून निघालं. आजही बरीचशी पॅकेजं तिथूनच येतात, आणि त्या फाइलवर माहेरचं नाव राहून जातं. (जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला, तरी जुन्या दस्तांवर अहमदनगरच, तसंच.) कर्नलचे आकडे तर लिनस टोरवाल्ड्स वेगळेच देतात. मला विचाराल तर २०१२ मध्ये आलेली ‘ओएस-रिलीज’ फाइल तेवढी खरी माना. पण ‘ट्रिक्सी’ वाचून डेबियनची रिपॉझिटरी जोडलीत, तर ग्लिबसीसारखी पायाभूत लायब्ररी बदलते आणि चांगलं चालणारं मशीन बसतं.